प्राणीसंग्रहालयाची पाटी कुठे उभी राहून बोलते? वसाहतवादाचा वारसा शोधायची आणि दुरुस्त करायची पद्धत

झूमध्ये काम करत असाल, व्हॉलंटियर गाईड असाल, किंवा पाट्यांचं काम हातात आलेलं असेल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. झू असावेत की नसावेत हा वाद इथे काढत नाही, तो वेगळा आहे आणि बराच मोठा आहे. इथे प्रश्न एवढाच की समोर प्राणी आहे, बघायला माणूस आलाय, आणि दोघांच्या मधे आपण जे काय उभं करून ठेवलंय, म्हणजे पाटी, नकाशा, सिमेंटचं खोटं देऊळ, कीपरचं पाच मिनिटांचं बोलणं, बाहेर पडतानाचं दुकान, हे सगळं मिळून त्या माणसाला नक्की काय सांगतंय.

मी स्वतः अशा पाट्या लिहिल्यात. सुरुवातीला ओकापीवर (जिराफाच्या कुळातला प्राणी) एक लिहिली होती, "१९०१ साली या प्राण्याचा शोध लागला", आणि तेव्हा मला ते वाक्य एकदम साधंसरळ वाटलं होतं. काँगोतल्या ज्या इतुरीच्या जंगलात हा प्राणी राहतो तिथले म्बुटी लोक त्याला पिढ्यानपिढ्या ओळखत होते, ओकापी हे नाव सुद्धा तिकडच्याच बोलीतलं, मग शोध लागला कोणाला? लंडनला. माझ्या वाक्यात लंडन हा शब्द कुठेच नव्हता पण वाक्य बोलत होतं ते लंडनमध्ये उभं राहूनच.

तेव्हापासून कुठलीही पाटी वाचताना मी एकच गोष्ट शोधतो, यातून माणसं कुठे गळली. कारण झूमधला जुना वारसा पुतळ्यांत आणि इमारतींत असतो तसा, किंबहुना जास्त, या गळतीत असतो. प्राण्याच्या मुलखातली माणसं एकतर गायब असतात, नाहीतर भाले-मुखवटे घेऊन सजावटीत असतात, नाहीतर शिकारी म्हणून खलनायक असतात. चौथी भूमिका त्यांना क्वचितच मिळते. पुढची सगळी पद्धत या एका निरीक्षणावर उभी आहे.

आधी थोडा इतिहास, त्याशिवाय पाटी वाचता येत नाही

प्राणी बाळगायची हौस काही युरोपने आणलेली नाही. मेक्सिकोतल्या अझ्टेकांच्या राजधानीत, तेनोचतितलानला, मोक्तेझुमा राजाचं प्राणीघर होतं, स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या माणसांनी १५१९ मध्ये शहरात शिरल्यावर ते बघितलं, आणि १५२१ पर्यंत शहरासकट ते संपलं. पण तिकीट काढून आत जायचं, रांगेने पिंजरे, प्रत्येकापुढे नाव आणि मूळ देशाची पाटी, हा जो साचा आपण झू म्हणून ओळखतो तो १९व्या शतकात पक्का झाला आणि साम्राज्यांसोबत वाढला. लंडनची झूऑलॉजिकल सोसायटी १८२६ ची, पहिले अध्यक्ष स्टॅमफर्ड रॅफल्स, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी आणि सिंगापूरची ब्रिटिश वसाहत उभी करणारे. त्यांची बाग १८२८ मध्ये उघडली. प्राणी यायचे ते गव्हर्नर, लष्करी अधिकारी, परदेशातले सरकारी वकील (कॉन्सल) आणि व्यापारी यांच्या हातून. १८५० मध्ये तिथे ओबायश नावाचा पाणघोडा आला आणि बघायला लंडन लोटलं. व्हाइट नाईलमधल्या ज्या बेटावर तो पकडला त्या बेटाचंच नाव त्याला दिलेलं. इजिप्तच्या पाशाकडून ब्रिटिश कॉन्सलने तो मिळवला होता आणि बदल्यात तिकडे शिकारी कुत्रे गेले. एका पाणघोड्यात अख्खं परराष्ट्र धोरण मावलेलं.

पकडायची रीत काय होती हेही माहीत हवं. हत्ती, गेंडा, गोरिला यांची मोठी जनावरं हाती लागत नाहीत, म्हणून मोठ्यांना मारायचं आणि पिल्लं उचलायची. उचललेल्यांपैकी कितीतरी वाटेतच मरायची. झूच्या गेटपर्यंत पोचलेलं एक पिल्लू म्हणजे मागे पडलेली बरीच प्रेतं.

आणि कार्ल हागेनबेक हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे. हॅम्बुर्गचा हा प्राण्यांचा व्यापारी. १८७५ च्या सुमारास त्याने रेनडिअरसोबत उत्तर युरोपातली सामी कुटुंबं आणून तीही लोकांपुढे मांडली, ते चाललं, मग हा धंदाच झाला. पुढे १९०७ मध्ये स्टेलिंगनला त्याने गज काढून टाकलेला, खंदकामागे प्राणी मोकळे दिसणारा पार्क उघडला, ज्याची नक्कल आज जगभर दिसते. एकाच माणसाच्या डोक्यातून दोन्ही निघालं, प्राण्यांचा बिनगजांचा देखावा आणि माणसांचा देखावा. आपण त्यातला पहिला आनंदाने चालू ठेवला आणि दुसऱ्याचं नावच टाकलं.

पहिली पायरी: एक दिवस फक्त फोटो काढा

कर्मचाऱ्याचं ओळखपत्र खिशात टाका आणि गेटपासून व्हिजिटरसारखे फिरा. प्रत्येक पाटीचा फोटो. शब्द नसलेल्या गोष्टींचेही, म्हणजे कुंपणाला लावलेले मुखवटे, "मोहिमे"च्या लाकडी पेट्या, गंजवून ठेवलेली जीप, आइस्क्रीमच्या टपरीवरचं गवताचं छप्पर. सोबत एक जण बाहेरचा घ्या, ज्याला प्राणीशास्त्रातलं फार कळत नाही असा, कारण आपली नजर मेलेली असते, रोज बघून बघून.

घरी येऊन प्रत्येक फोटोवर चार खुणा करा. ज्याचा कर्ता सांगितलेला नाही असं क्रियापद (सापडला, आणला गेला, नाहीसा झाला). कोणाचंही माणसाचं नाव. प्राणी कुठला हे सांगणारा शब्द. आणि माणसं कुठे दिसतात, काय करताना दिसतात. मग मोजा. "आमच्या पाट्या जरा जुनाट वाटतात" असं सांगितलं की वरिष्ठ मान डोलावून विषय बदलतात, पण "आफ्रिका विभागातल्या इतक्या पाट्यांपैकी एवढ्याच पाट्यांवर एखाद्या देशाचं नाव आहे" असा आकडा ठेवला की बैठक पुढे सरकते.

दुसरी पायरी: रजिस्टर उघडा

जुन्या झूकडे आवक-जावक रजिस्टर असतं, वार्षिक अहवाल, व्यापाऱ्यांची बिलं, पत्रं, फोटो. स्वतःकडे नसतील तर नगरपालिकेच्या दप्तरात, जुन्या वर्तमानपत्रांत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बघा. तीन गोष्टी शोधायच्या: पहिले प्राणी कोणी, कुठून, कसे दिले, इमारती कोणाच्या पैशाने आणि कुठल्या प्रसंगाने उभ्या राहिल्या, आणि या जागेत कधी माणसं मांडली होती का. तिसऱ्याचं उत्तर वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणी "हो" येतं. पॅरिसच्या जार्डां दाक्लिमातास्यॉंमध्ये १८७७ पासून हे सुरू होतं, बासेलच्या झूमध्ये १८७९ ते १९३५ पर्यंत असे कार्यक्रम झाले, सिनसिनाटीच्या झूने १८९६ मध्ये अमेरिकेतल्या मूळनिवासी लाकोटा लोकांची छावणी लावली. पॅरिसचा व्हँसेनचा झू तर १९३१ च्या वसाहत प्रदर्शनातल्या तात्पुरत्या झूला इतकी गर्दी झाली म्हणून जन्मला, १९३४ मध्ये.

वसाहतींमधल्या झूंना यातून सूट नाही. कोलकात्याचा अलिपूर झू १८७६ मध्ये उघडला तो प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते, आणि अशा ठिकाणच्या जुन्या नोंदी वाचल्या की देणाऱ्या साहेबाचं नाव हमखास सापडतं, पकडणाऱ्याचं जवळजवळ कधीच नाही. त्याच्या नावाची जागा रिकामी आहे हेही पाटीवर लिहिता येतं, "पकडणाऱ्यांची नावं नोंदवलेली नाहीत", चार शब्द, पण चांगले बोलतात.

इथे एक काळजी. आज झूमध्ये दिसणारे बहुतेक सस्तन प्राणी झूमध्येच जन्मलेले आहेत, त्यामुळे समोरच्या सिंहाकडे बोट दाखवून "हा लुटून आणलेला" असं लिहाल तर ते खोटं होईल आणि पहिलाच टीकाकार तुम्हाला त्यावरून पकडेल. त्याच्या पूर्वजांची साखळी जिथपर्यंत कागदावर दिसते तिथपर्यंतच बोला. मालकी मात्र सांगा, लोकांना त्यात रस असतो. परदेशी झूंमधले जायंट पांडा बहुतेक चीनचे असतात, कर्जाऊ आलेले, आणि तिथे जन्मलेली पिल्लंही चीनचीच. गोल्डन लायन टॅमरिन ही छोटी माकडं जगभरच्या झूंमध्ये आहेत पण मालकी ब्राझील सरकारची. म्हणजे प्राणी एका देशाचा आणि सांभाळणारा दुसरा, अशी रीतसर व्यवस्था होऊ शकते, झालेली आहे.

तिसरी पायरी: क्रियापदं बदला

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणाम करणारी पायरी हीच, बजेट नसेल तर फक्त एवढीच करा. "शोध लागला", "जगाला अज्ञात होता", "प्रथम पाहिला गेला" अशी वाक्यं गोळा करा आणि प्रत्येकाला कर्ता जोडा. कर्ता जोडला की वाक्य आपोआप खरं बोलायला लागतं. माझ्या ओकापीचंच बघा.

जुनी पाटी: "मध्य आफ्रिकेच्या गूढ जंगलात राहणारा हा लाजाळू प्राणी १९०१ पर्यंत जगाला अज्ञात होता. सर हॅरी जॉन्स्टन यांनी त्याचा शोध लावला."

नवी पाटी: "ओकापी फक्त काँगो लोकशाही प्रजासत्ताकात सापडतो. इतुरीच्या जंगलात राहणारे म्बुटी आणि एफे लोक त्याला आधीपासून ओळखतात, नाव त्याच भागातलं. युगांडातले ब्रिटिश अधिकारी हॅरी जॉन्स्टन यांनी जंगलातल्या लोकांकडून माहिती घेतली, कातडी आणि कवटी लंडनला पाठवली, १९०१ मध्ये तिथे शास्त्रीय नाव पडलं. त्या नावात जॉन्स्टन आहेत."

लांबी वाढली हे खरं, लोक पाटीपुढे काही सेकंदच थांबतात हेही खरं. म्हणून पहिल्या दोन वाक्यांत मुख्य ते सांगायचं आणि बाकीचं थांबणाऱ्यासाठी. जॉन्स्टनना हाणायची गरज नाही बरं का. ज्या लोकांनी त्यांना ओकापीबद्दल सांगितलं त्यांना एक तमाशेवाला युरोपात प्रदर्शनात मांडायला पळवून नेत होता, आणि जॉन्स्टननी त्यांना सोडवून घरी पोचवायचं कबूल केलं होतं. माणसाला शिव्या घालणारी पाटी आणि माणसाची आरती करणारी पाटी, दोन्ही एकाच आळसातून येतात.

विशेषणांचंही तेच. "गूढ", "रहस्यमय", "आदिम", "अंधारं खंड", हे शब्द त्या जागेबद्दल काही सांगत नाहीत, लिहिणारा तिथे नवखा आहे एवढंच सांगतात. "एक्झॉटिक" तर काढूनच टाका. मराठीत आपण सिंहाला सर्रास "जंगलाचा राजा" करतो, तो राहतो जास्तकरून गवताळ माळावर, पण ते जाऊ दे, ते भांडण दुसऱ्या दिवशी.

चौथी पायरी: नावं

इथे आधी तीन थर वेगळे करा. शास्त्रीय नाव झूला बदलता येत नाही, त्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात हात घालू नका. (वनस्पतींच्या बाबतीत २०२४ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'काफ्रा' हा वांशिक शिवीतून आलेला शब्द असलेली दोनशेच्या वर नावं 'आफ्रा' करायचं ठरवलं, म्हणजे वरच्या पातळीवर बदल होतो, पण तो तिकडे.) व्यवहारातलं नाव बदलू शकतं आणि बदलत आलंय, अमेरिकेत एका कॉन्फेडरेट (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूच्या) जनरलचं नाव असलेल्या पक्ष्याला २०२० मध्ये चोचीवरून नवं नाव मिळालं. आणि तिसरा थर, प्राण्याच्या मुलखातलं नाव, ज्याला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त अभ्यास लागतो.

प्रझेवाल्स्कीचा घोडा घ्या. प्रझेवाल्स्की हे रशियन लष्करी अधिकारी. मंगोलियात त्या घोड्याला ताखी म्हणतात. २०व्या शतकाच्या सुरुवातीला हागेनबेकसाठी त्याची पिल्लं पकडून युरोपात आणली गेली, १९६० च्या दशकाअखेर रानातला ताखी संपला, झूमधल्या थोड्या घोड्यांपासून वंश वाढवून १९९२ मध्ये तो मंगोलियात परत सोडायला सुरुवात झाली. आता यात झूने वाचवलं हेही खरं आणि पकडापकडीने कळप फोडले हेही खरं. पाटीचं शीर्षक "ताखी" ठेवा, खाली बारीक अक्षरात दुसरं नाव, आणि दोन्ही खरं लिहा. पेर डेव्हिडच्या हरणाचंही तसंच. चीनमध्ये ते मिलू. आर्मां डेव्हिड या फ्रेंच मिशनऱ्याने १८६५ मध्ये पेकिंगजवळच्या बादशाही उद्यानात बघितलं, म्हणजे ज्या प्राण्याला भिंत घालून राखलेलं होतं त्याचा "शोध" भिंतीवरून डोकावून लागला! चीनमधून ते १९०० च्या आसपास संपलं, इंग्लंडमधल्या कळपातून १९८५ मध्ये परत गेलं.

कित्येक नावांत तर मूळ भाषा अजून जिवंत आहे, फक्त कोणी सांगत नाही. जग्वार, टॅपिर, टूकान ही तुपी-ग्वारानी भाषांतून आली, प्यूमा आणि काँडॉर क्वेचुआतून, कोयोटी आणि अक्सोलोटल नाहुआत्लमधून, ओरांगउटान म्हणजे मलयमध्ये जंगलातला माणूस. इंग्रजांचा मुंगूस तर आपल्याच मुंगसावरून गेलाय, हे कळल्यावर मला दोन दिवस उगाच बरं वाटत होतं. अशा एका ओळीने पाटीवर त्या भाषेची माणसं परत येतात, आणि मुलांना हे फार आवडतं.

कांगारूबद्दल मात्र जपून. कॅप्टन कुकने विचारलं हा कोण, तिथला माणूस म्हणाला "मला कळत नाही", आणि ते नाव पडलं, हा विनोद अजून गाईड लोक सांगतात. साफ खोटा आहे. १७७० मध्ये कुकच्या माणसांनी ऐकलेला शब्द गुगू यिमिथिर भाषेतला आहे, गांगुरू, एका जातीच्या कांगारूचं नीट नाव. विनोदात वेडा ठरतो तो अर्थातच तिथला माणूस.

दोन नियम पाळा. "स्थानिक भाषेत" किंवा "आफ्रिकन भाषेत" कधीच लिहायचं नाही, भाषेचं नाव घालायचं. आणि नाव त्या भाषेच्या निदान दोन बोलणाऱ्यांना दाखवल्याशिवाय छापायचं नाही. पिल्लांच्या बारशालाही हेच लागू, आफ्रिकेतला प्राणी दिसला की स्वाहिली नाव ठेवायची फॅशन आहे. पण झूंमध्ये असतात ते गोरिला बहुतेक वेस्टर्न लोलँड जातीचे, कॅमेरून-गॅबॉनकडचे, आणि तिकडे स्वाहिली बोलत नाहीत. म्हणजे मान द्यायला गेलो आणि भूगोल चुकलो.

पाचवी पायरी: नकाशात माणसं, आणि शिकारीचा हिशोब

"आफ्रिका" असं लिहून अख्खं खंड लाल रंगवलेला नकाशा काढून टाका. खंडात ५४ देश आहेत, प्राणी त्यातल्या काहींतच असतो. देशांची नावं घाला, जमलं तर नदी, डोंगर, आणि तिथे राहणाऱ्या लोकांची नावं. नाहीतर व्हिजिटरच्या डोक्यात जे चित्र बसतं ते म्हणजे रिकामं रान आणि त्यात प्राणी. हे रिकामं रान अनेक ठिकाणी बनवलेलं आहे. सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान ब्रिटिश राजवटीत झालं आणि १९५९ मध्ये तिथल्या मसाई लोकांना न्गोरोंगोरोकडे हलवलं. उद्यानात माणूस नकोच, ही भूमिका जगभर पोचवणाऱ्यांत बर्नहार्ड ग्रझिमेक होते, फ्रँकफर्ट झूचे संचालक. म्हणजे हे झूच्या बाहेरचं प्रकरण आहे असं म्हणून सुटता येत नाही.

आता शिकार. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण संवर्धनाच्या नावाखाली सगळ्यात जास्त गडबड इथे होते. पाटी म्हणते "चोरट्या शिकारीमुळे धोक्यात". मराठीत तर शब्दातच निकाल लागलेला आहे, चोर! पण चोरटी कधीपासून? १९०० मध्ये लंडनला युरोपातल्या सत्तांनी आफ्रिकेतल्या वन्यप्राण्यांबद्दल करार केला, वाटाघाटीला आफ्रिकेचं स्वतःचं कोणी नव्हतं. अशा कायद्यांनी परवाना घेऊन ट्रॉफी नेणारा साहेब "स्पोर्ट्समन" झाला आणि पोटासाठी पिढ्यानपिढ्या शिकार करणारा गुन्हेगार. आजची हस्तिदंताची टोळी हा वेगळा विषय आहे, तिला मवाळ शब्दांत लपवू नका, पण पाटीवर दोघांना एकाच पोत्यात घालू नका.

"नाहीसा झाला" या क्रियापदाला कर्ता जोडायचा सराव क्वागावर करा. दक्षिण आफ्रिकेतला हा अर्ध्या अंगावर पट्टे असलेला झेब्रा, शेवटची मादी आम्स्टरडॅमच्या आर्टिस झूमध्ये १२ ऑगस्ट १८८३ रोजी मेली. मी लिहिलेली पाटी अशी: "क्वागा हे नाव खोईखोई लोकांनी त्याच्या ओरडण्यावरून ठेवलेलं. युरोपातून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांनी कातड्यासाठी, मांसासाठी आणि आपल्या गुराढोरांना चारा राहावा म्हणून त्याला मारून संपवलं. शेवटची मादी झूमध्ये मेली तेव्हा ती शेवटची आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही." टास्मानियाच्या थायलसिनचा (टास्मानियन वाघाचा) हिशोब तर सरकारी दप्तरातच आहे, १८८८ ते १९०९ मध्ये सरकारने २,१८४ बक्षिसं वाटली ती मारण्याबद्दल, शेवटचा होबार्टच्या झूमध्ये १९३६ मध्ये गेला. असे आकडे असतील तर विशेषणं लागतच नाहीत.

सहावी पायरी: देवळं, पॅगोडे आणि खोटी खेडी

१९व्या शतकात प्राण्याला त्याच्या "देशा"च्या इमारतीत ठेवायची हौस होती. अँटवर्पला १८५६ चं इजिप्शियन देऊळ आहे, बर्लिनला १८७३ मध्ये हत्तींसाठी पॅगोडा बांधला. हत्ती काही देवळात राहत नाही. पण बघणाऱ्याला हत्ती आणि ते लोक एकाच मालाचे दोन नग वाटावेत अशी ती मांडणी. बुडापेस्टला १९१२ मध्ये हत्तीघर मशिदीसारखं, मिनारासकट बांधलं, पहिल्या महायुद्धात ऑटोमन तुर्क दोस्त झाले, त्यांना ते खटकलं, १९१५ मध्ये मिनार उतरवला, शतकाच्या शेवटी दुरुस्तीत परत चढवला. या इमारतींवर हीच गोष्ट लावा, यापेक्षा चांगली पाटी सुचणार नाही.

जुनी वारसा इमारत पाडायच्या मागे लागू नका. ती पुरावा आहे, तिच्यापुढे तिची जन्मकथा लावा. नवीन खोटं खेडं मात्र काढा, त्याला वारसा वगैरे काही नाही. मातीची झोपडी, भाले, मुखवटे, ड्रम, हे प्राण्याच्या कुंपणाला लागून असलं की अर्थ लागायचा तोच लागतो. २००५ मध्ये जर्मनीच्या ऑग्सबुर्ग झूने "आफ्रिकन व्हिलेज" नावाचा मेळा भरवला, हस्तकला, संगीत, खाणंपिणं, आयोजकांचा हेतू चांगलाच असेल, पण जगभरातून निषेध आला. लोकांनी विचारलं, हे झूमध्येच का? दुसरं कुठलंही मैदान चाललं असतं.

सातवी पायरी: बोलणं, दुकान, मुलांचे खेळ

हे पटकन. कीपरच्या भाषणातले वर सांगितलेले शब्द बदला, लेखी स्क्रिप्ट द्या पण पाठ करायला लावू नका. मुलांना पिथ हेल्मेट (जुन्या साहेबांची टोपी) घालून "एक्स्प्लोरर" बनवायचा खेळ बंद करून रेंजर, पशुवैद्य, पायाचे ठसे ओळखणारी वाटाड्या अशा भूमिका द्या, मुलांना तेवढीच मजा येते. दुकानातली कारखान्यात बनलेली "ट्रायबल" मुखवट्यांची रांग हटवा.

आठवी पायरी: ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना विचारा, आणि पैसे द्या

हे शेवटी "फीडबॅक"साठी करायचं काम नव्हे, मजकूर लिहिण्याआधी करायचं. त्या देशातले विद्यार्थी, संशोधक, तिकडून येऊन इथे राहिलेली कुटुंबं, त्या समाजाच्या संघटना, यांना गाठा. सल्ल्याचं मानधन ठरवा, नाव छापायचं का ते विचारा, आणि "हे छापू नका" म्हणायचा हक्क त्यांना लेखी द्या, कारण काही गोष्टी, काही नावं, विधींशी जोडलेली असतात आणि ती सगळ्यांना सांगायची नसतात. एका माणसाला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता बनवू नका. न्यूझीलंडच्या झूंमध्ये माओरी भाषेतली नावं पाट्यांवर सहज वावरतात, तुआतारा या सरपटणाऱ्या प्राण्याच्या नावाचा अर्थ पाठीवर शिखरं असलेला. ऑस्ट्रेलियातलं हिल्सव्हिल अभयारण्य ज्या जमिनीवर आहे ती पूर्वी कोरान्डर्क या आदिवासी वसाहतीची, वुरुंजेरी लोकांची. तुमचा झू कोणाच्या जमिनीवर आहे हा प्रश्नही याच बैठकीत काढा.

नववी पायरी: माणसं मांडली होती, हे कसं लिहायचं

दुसऱ्या पायरीत तसं काही सापडलं असेल तर लपवू नका, आणि घाईही करू नका. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूने ओटा बेंगा या काँगोतल्या म्बुटी तरुणाला माकडघरात, ओरांगउटानसोबत मांडलं. संचालक विल्यम हॉर्नडे यांना त्यात काही गैर वाटलं नाही, शहरातल्या कृष्णवर्णीय पाद्र्यांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. ओटा बेंगाने १९१६ मध्ये आत्महत्या केली. झू चालवणाऱ्या संस्थेने माफी मागितली ती २०२० मध्ये, आणि सोबत त्या काळची कागदपत्रं सगळ्यांसाठी खुली केली. माफीपत्र कोणीही काढतं, दप्तर उघडणं हे खरं काम.

लिहिताना चार गोष्टी. माणसाचं नाव आधी, झूचं नंतर. "त्या काळी असंच असायचं" हे वाक्य नको, कारण त्या काळीच विरोध झाला होता आणि विरोध करणाऱ्यांना आपण पुसून टाकतो. तो मांडलेला फोटो मोठा करून पुन्हा लावू नका, तेच प्रदर्शन परत भरतं, साधं पोर्ट्रेट असेल तर ते घ्या, वंशजांना किंवा त्या समाजाला विचारून. आणि त्या माणसाचे स्वतःचे शब्द मिळतात का बघा, कधी कधी मिळतात. लॅब्राडोरचा अब्राहम उलरिकाब हा इनुइट माणूस १८८० मध्ये कुटुंबासह हागेनबेकतर्फे युरोपात मांडला गेला, बर्लिनच्या झूमध्ये सुद्धा. आठ जण होते, देवीची लस वेळेत टोचली नाही, १८८१ च्या जानेवारीपर्यंत आठही मेले. अब्राहम आपल्या भाषेत डायरी लिहीत होता. म्हणजे कुंपणाच्या आतून बघणाऱ्यांकडे बघत लिहिलेला मजकूर आपल्याकडे आहे, तरीही अशा पाट्यांवर अवतरण छापलं जातं ते संचालकाचं.

दहावी पायरी: छापण्याआधी, आणि छापल्यावर

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. एक विभाग निवडा, साध्या प्रिंटआउट कुंपणाला लावा, दोन आठवडे शेजारी उभे राहा. लोक मोठ्याने काय वाचतात, मुलं काय विचारतात, कुठल्या ओळीला फोन निघतो, लिहून घ्या. परत जाताना एकच प्रश्न विचारा, "हा प्राणी राहतो तिथे कोण कोण राहतं?" उत्तर "वाघ, हरणं" एवढंच आलं तर पाटी अजून जमलेली नाही.

"प्राण्यांत राजकारण कशाला" म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, जुनी आणि नवी पाटी शेजारी शेजारी दाखवून विचारा यातली कुठली जास्त माहिती देते. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. कर्मचारीच चिडले तर मात्र वेळ द्या, वीस-पंचवीस वर्षं इमानदारीने काम केलेल्या कीपरला वाटतं की आपल्यालाच गुन्हेगार म्हणतायत. त्याला रजिस्टर दाखवा, बोर्डाच्या मजकुरावर त्याचा हात फिरू द्या, जनावराबद्दल त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

काढलेल्या जुन्या पाट्या भंगारात घालू नका, मागे तारीख आणि जागा लिहून स्टोअरमध्ये ठेवा, दोन-तीन तर नव्या पाटीशेजारी लावायलाही उपयोगी पडतात. आणि नव्या पाटीच्या कोपऱ्यात लिहिल्याचं साल आणि चूक कळवायचा पत्ता छापा. माझ्या ताखीच्या पाटीवर एका मंगोलियन विद्यार्थिनीने पहिल्याच महिन्यात उच्चार चुकलाय म्हणून कळवलं. सध्या तिथे दुरुस्तीचा स्टिकर आहे, पुढच्या छपाईत बदलेल.